पीएचडी करून शेवटी सुतारकीच?

परवा मामाला घरी बनवलेल्या साईडबोर्डचा फोटो पाठवला. साईडबोर्ड म्हणजे जेवणाच्या टेबलाजवळ भिंतीला लावून ठेवायचं बसकं, लांब कपाट. लगेच मामाचा फोन. "छान झालंय रे! पण पीएचडी करून शेवटी सुतारकीच करायची होती, तर एवढं शिकलास कशाला?"

मामा गमतीत म्हणाला, कळतं मला. पण चार दिवस ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. शिकलेला माणूस हाताने काम करत नाही, आणि हाताने काम करतो तो शिकलेला नाही, हे आपण किती सहज धरून चालतो!

आता या शिकलेल्या माणसाने काय दिवे लावले ते ऐका. लांबी 160 सेंमी, खोली 45, उंची 80. कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढलं, ताटांच्या वजनाने फळी किती वाकेल याचं गणित केलं. ओकच्या पट्ट्या जोडून वरची फळी केली आणि खालच्या चौकटीला सगळीकडून फेव्हिकॉलसारखा गोंद लावून, वर स्क्रू मारून पक्की बसवली. एकदम मजबूत! जानेवारीत घरातलं हीटिंग जोरात सुरू झालं, हवा कोरडी पडली, आणि एका रात्री फट्ट असा आवाज आला. फळीला वीतभर चीर.

खालच्या मजल्यावर एक आजोबा राहतात, निवृत्त सुतार. त्यांनी वाकून फळीच्या खालून हात फिरवला आणि हसले. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. रेषांच्या दिशेने जवळजवळ नाहीच, पण आडवं भरपूर. 45 सेंमी रुंदीची फळी उन्हाळा-हिवाळ्यात चार-पाच मिलिमीटर सहज हलते. म्हणून फळी पुढच्या कडेलाच घट्ट धरायची आणि मागच्या स्क्रूंना लांबट भोकं ठेवायची, म्हणजे ती सरकू शकते. आणि मंडळी, माझी पीएचडी पदार्थांमधल्या ताणांवर आहे! पुलाला उन्हात फुगायला फट ठेवतात हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत. लाकूड मात्र कधी हातात घेतलं नव्हतं.

कधीच नाही, असंही नाही. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉप होतं. दोन लाकडी तुकड्यांना खाचा पाडून जोडायचा 'जॉब'. तो माझ्यासाठी तिथल्या मदतनीस मामांनी करून दिला. नाव माझं, हात त्यांचा. मला मार्क मिळाले, त्यांना वडापाव आणि चहा. वर्गातल्या बहुतेकांनी हेच केलं, आणि कोणालाही ती कॉपी वाटली नाही. गणिताचा पेपर दुसऱ्याकडून लिहून घेतला असता तर?

याच्याही आधीचं सांगतो. मी लहान असताना घरी कपाटं करायला सुतार आले होते. पंधरा दिवस आमच्या गॅलरीत रंधा चालत होता. त्यांचा चहाचा कप वेगळा होता, मोरीजवळच्या फळीवर पालथा घातलेला. ती कपाटं आजही उभी आहेत, एकही फळी तडकलेली नाही. त्या माणसाचं नाव मला माहीत नाही. विचारलंच नाही कोणी.

आता "तिकडे श्रमाला प्रतिष्ठा आहे हो" असं कोणी म्हणू नका. जर्मन माणूस घरी ठोकाठोकी करतो त्यामागे हिशोबही आहे, सुतार इथे तासाला पन्नासहून जास्त युरो घेतो. इथेही आईबापांना पोरगं युनिव्हर्सिटीत जायला हवं असतं. फरक व्यवस्थेत आहे. सुतार व्हायला इथे साधारण तीन वर्षं शिकावं लागतं, आठवड्यातले काही दिवस कारखान्यात, काही शाळेत. शेवटी स्वतः डिझाइन करून एक वस्तू बनवून दाखवायची. पुढे 'माइस्टर' झाला की देशाच्या पात्रतांच्या यादीत तो बॅचलर पदवीच्याच पातळीवर, सहाव्या.

आपल्याला हे कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. 1937 साली वर्ध्याला गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. आपण तिला नमस्कार केला आणि शाळेत कार्यानुभवाचा तास गणिताला देऊन टाकला. आयटीआयमध्ये सुतारकामाचा ट्रेड आहे. तुमच्या ओळखीतला, चांगले मार्क असलेला एक तरी मुलगा तिथे गेलाय?

सुताराविषयी आदर वगैरे वाटून घेऊ नका, तो फुकट असतो. वर्कशॉपचा जॉब ज्याचा त्याने करावा, वाकडा झाला तर वाकड्याचे मार्क घ्यावेत. घरी मिस्त्री आले तर त्यांचं नाव विचारा, ठरलेले पैसे वेळेवर द्या आणि चहा आपल्याच कपातून द्या.

आणि मामा, उत्तर तुझ्यासाठी. सुतारकी करण्यासाठी मी शिकलो नव्हतोच. म्हणून तर फळी तडकली.