घर तुमचं, अलार्म तुमचा. मग इंजिनिअर कोड कुणाच्या खिशात?

दिवाळी किंवा मे महिन्याची सुट्टी आली की टिळकवाडी, शहापूर, वडगावात कुलूप लागलेली घरं वाढतात. मुलं पुण्याला नाहीतर बंगळूरला, आई-वडील दोन महिने नातवंडांकडे. अशा घरांत आता बर्गलर अलार्म बसवला जातो. दाराला सेन्सर, हॉलमध्ये हालचाल टिपणारं यंत्र, बाहेर भोंगा आणि कुणी आत शिरलं की मालकाच्या मोबाईलवर फोन. बसवणारा माणूस चार आकडी कोड सांगतो, चालू-बंद कसं करायचं ते दाखवतो आणि पैसे घेऊन जातो. घरमालकाला वाटतं, यंत्रणा आपल्या ताब्यात आली.

पण त्याच पॅनेलला आणखी एक कोड असतो. त्याला इंजिनिअर कोड किंवा इन्स्टॉलर कोड म्हणतात. तो बहुतेक घरमालकांना दिलाच जात नाही. अनेकांना असा कोड असतो हेच माहीत नसतं. घराची दुसरी चावी आपल्याकडे नाही, हे कळायला बऱ्याचदा काहीतरी बिघडावं लागतं.

या कोडने काय काय होतं?

रोजच्या कोडने अलार्म फक्त चालू-बंद होतो. इंजिनिअर कोडने यंत्रणेची घडीच बदलता येते. कोणता सेन्सर चालू ठेवायचा, भोंगा किती वेळ वाजवायचा, दार उघडल्यावर किती सेकंदांची सवड द्यायची, धोक्याचा फोन कुणाच्या नंबरवर जाणार, हे सगळं त्यातून ठरतं. काम चालू असताना पॅनेलचं झाकण उघडलं तरी भोंगा वाजू नये, अशी सोयही त्यात असते. दुरुस्तीसाठी ती गरजेचीच आहे. पण चुकीच्या हातात हाच कोड गेला, तर मागच्या दाराचा सेन्सर गुपचूप बंद करून ठेवता येतो आणि मालकाला पत्ताही लागत नाही.

युरोपात अशा यंत्रणांसाठी ईएन ५०१३१ हे मानक आहे. त्यात प्रवेशाचे चार स्तर आहेत. पहिला कुणाही माणसाचा, दुसरा वापरणाऱ्याचा, तिसरा अलार्म कंपनीच्या तंत्रज्ञाचा आणि चौथा उत्पादकाचा. यातली महत्त्वाची अट अशी, की दुसऱ्या स्तरावरच्या माणसाने परवानगी दिल्याशिवाय तिसऱ्या स्तरावरच्याला आत जाता येत नाही. म्हणजे तंत्रज्ञाकडे कोड असला तरी आधी घरमालकाने आपला कोड दाबायचा. आपल्याकडच्या बाजारात मिळणाऱ्या स्वस्त पॅनेलमध्ये ही अट असेलच असं नाही.

बसवणाऱ्यांचं म्हणणं

कोड न देण्यामागे बसवणाऱ्यांचीही बाजू आहे आणि ती अगदीच पोकळ नाही. मालकाने उत्सुकतेपोटी काहीतरी दाबलं, एक सेटिंग बिघडलं आणि रात्री दोनला भोंगा सुरू झाला, की फोन त्यांनाच येतो. सेन्सर चुकून बंद राहिला आणि चोरी झाली, तर ‘तुमचा अलार्म वाजलाच नाही’ म्हणून बोलही त्यांनाच लागतो. शिवाय एएमसी घेऊन वर्षभर सेवा द्यायची, तर दुसऱ्या कुणी मध्ये हात घातलेला कुणाला चालेल?

मात्र या व्यवसायात एक गोष्ट सहसा उघडपणे बोलली जात नाही. बरेच जण वेळ वाचवण्यासाठी सगळ्या गिऱ्हाइकांच्या पॅनेलला एकच इंजिनिअर कोड ठेवतात. काही जण तर कारखान्यातून आलेला कोडही बदलत नाहीत. तो माहितीपुस्तिकेत छापलेला असतो आणि पुस्तिका इंटरनेटवर कुणालाही मिळते. अशा वेळी एका घरमालकाला कोड सांगणं म्हणजे गावातल्या बाकीच्या घरांचाही सांगणं. नकार येतो तो बऱ्याचदा इथून. पण मग काम सोडून गेलेल्या पोराला तो कोड ठाऊक असतोच की! घरमालकाला सांगायला जो कोड धोक्याचा वाटतो, तो दहा कामगारांच्या तोंडी असणं सुरक्षित कसं?

जगाने घेतलेला धडा

न बदललेल्या पासवर्डची किंमत जगाने मोजलेली आहे. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने साठेक ठरावीक नाव-पासवर्डच्या जोड्या वापरून लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. त्यांच्या जोरावर त्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या अनेक मोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या गेल्या. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून कायद्यानेच सांगितलं, की इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या घरगुती उपकरणांना सरसकट एकच पासवर्ड देऊन विकायचं नाही.

आपल्याकडचं उदाहरण तर जवळचं आहे. राजकोटमधल्या एका प्रसूतिगृहात महिलांच्या तपासणीची सीसीटीव्ही दृश्यं चोरून ऑनलाइन विकली जात असल्याचं फेब्रुवारी २०२५ मध्ये उघड झालं. अटक झालेल्या संशयितांत लातूर आणि सांगलीचे तरुणही होते. तिथला पासवर्ड ‘अ‍ॅडमिन१२३’ असा कुणालाही सुचेल असा होता, हे पुढे बातम्यांतून समोर आलं. कॅमेरा रुग्णालयाचा, पण किल्ली कुणाच्याही हातात.

केंद्र सरकारने ९ एप्रिल २०२४ च्या अधिसूचनेने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या अटी घातल्या. मात्र त्या कॅमेऱ्यांपुरत्या आहेत. बर्गलर अलार्मचं पॅनेल त्यात येत नाही. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा कायदा आहे, पण त्याचा भर रक्षक पुरवणाऱ्यांवर आहे. घरात येऊन अलार्म जोडून जाणाऱ्याला त्याचा धाक फारसा नाही.

अडकतो तो घरमालकच

बसवणारा गाव सोडून गेला, दुकान बंद झालं किंवा एएमसीवरून वाद झाला, तर काय? नवा तंत्रज्ञ येतो आणि कोड मागतो. कोड नसेल तर पॅनेल मूळ स्थितीत आणावं लागतं. काही पॅनेलमध्ये तेही कुलूपबंद करून ठेवता येतं. मग चालू स्थितीतलं पॅनेल काढून नवं घेण्याचा खर्च पदरात पडतो.

विम्याचाही प्रश्न आहे. घरफोडीच्या पॉलिसीत बळजबरीने आत शिरल्याची अट असेल, तर ती पूर्ण झाल्याशिवाय दावा मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये हरचंद राय चंदन लाल प्रकरणात स्पष्ट केलं आहे. कोडने अलार्म गप्प केला आणि बनावट चावीने दार उघडलं, तर मोडतोडीची खूण राहतेच कुठे?

यात प्रामाणिक तंत्रज्ञाचंही नुकसानच आहे. कोड फक्त त्याच्याकडे असेल, तर चोरीनंतर पहिला संशय त्याच्यावरच येणार. मालकाने परवानगी दिल्याशिवाय आत जाताच येत नाही अशी व्यवस्था असेल, तर तीच त्याच्या बाजूची साक्ष ठरते.

काय करावं?

प्रत्येक घरमालकाने रोज इंजिनिअर मेनू उघडून बसावं, असं कुणी म्हणत नाही. कोड वापरणं वेगळं आणि कोड आपल्या मालकीचा असणं वेगळं. काम संपल्यावर आपल्या घरापुरता वेगळा कोड टाकून घ्यावा. तो बंद पाकिटात, घराच्या कागदपत्रांसोबत ठेवावा. धोक्याचा पहिला फोन आपल्याच नंबरवर येतो का, हे वाजवून पाहावं. मोबाईल अ‍ॅपचं मुख्य खातं बसवणाऱ्याच्या नव्हे, आपल्या नंबरवर काढावं. पॅनेलमध्ये नोंदवही असेल, तर कोण कधी सेटिंगमध्ये गेलं ते पाहायला शिकून घ्यावं. एएमसी संपली की कोड बदलावा.

आणि सर्वांत सोपं म्हणजे पैसे देण्याआधीच, कोटेशनमध्ये ‘इंजिनिअर कोड घरमालकाला दिला जाईल’ ही एक ओळ लिहून घ्यावी. लेखी कबूल करून नंतर कोणी टाळाटाळ केली, तर सेवेतील त्रुटी म्हणून २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते.

कुलूप बसवणारा सुतार जाताना सगळ्या किल्ल्या मालकाच्या हातात देतो. एक माझ्याकडे राहू दे म्हणाला, तर त्याला कुणी उंबऱ्याबाहेर पडू देणार नाही. अलार्म बसवणाऱ्यालाही तोच नियम लावायला हवा.