‘नुसती वायर तर लावली!’

‘बोर्ड गेलाय.’

मोबाईलच्या दुकानात, टीव्हीवाल्याकडे, वॉशिंग मशीनवाल्याकडे, कंप्युटरवाल्याकडे हे वाक्य तुम्ही ऐकलेलं असणारच. ऐकल्यावर आपला पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘नवीन केवढ्याला पडेल?’ ‘कशावरून गेलाय?’ असं कुणी विचारताना मी तरी ऐकलेलं नाही. मीसुद्धा विचारत नव्हतो. हा प्रश्न न विचारण्यात दुकानदारापेक्षा आपला दोष मोठा आहे, असं माझं म्हणणं आहे. ते कसं, ते सांगतो.

माझ्या मामाचं कराडला डीटीपी सेंटर आहे. एक गाळा, एक झेरॉक्स मशीन, एक प्रिंटर आणि एक जुना डेस्कटॉप. तुळशीची लग्नं लागली की लग्नपत्रिकांचा हंगाम सुरू होतो आणि मामाची वर्षाची निम्मी कमाई त्यातच होते. डेस्कटॉपवर अजून विंडोज सेव्हन आहे. मराठी टाइपसेटिंगचं जुनं सॉफ्टवेअर आहे, त्याचं डोंगल मागे खोचलेलं आहे. बारा वर्षांतल्या पत्रिका, दशक्रियेची कार्डं, निवडणुकीची पत्रकं, सगळं त्यात आहे. ते सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही. त्यामुळे मामाला नवीन कंप्युटर घ्यायचा म्हणजे नवीन सॉफ्टवेअर घ्यायचं, बोटांची सवय बदलायची आणि जुन्या फाइली उघडत नाहीत म्हणून गिऱ्हाईक परत पाठवायचं, हे सगळं आलं.

गेल्या नोव्हेंबरात एसएमपीएसचा पंखा घरघर करायला लागला. मामाने मशीन गावातल्याच एका दुकानात नेलं. तिथल्या मुलाने एसएमपीएस काढला, ब्लोअरने धूळ उडवली, पंखा बदलला, एसएमपीएस परत बसवला. बटण दाबलं. पंखे फिरले, पुढचा दिवा लागला, स्क्रीन मात्र काळीच. मुलाने रॅम काढून खोडरबराने घासली, परत लावली. मॉनिटरची केबल बदलून बघितली. अर्ध्या तासाने निकाल दिला: ‘काका, बोर्ड गेलाय. एवढा जुना बोर्ड आता मिळत नाही. नवीन असेंबल करून देतो, २८ हजारात बसेल.’

मामाने मला फोन केला. भाचा कंप्युटर इंजिनिअर आहे, पुण्यात कंपनीत आहे, त्याला कळेल. भाच्याने दोन मिनिटं ऐकलं आणि सांगितलं, ‘मामा, बारा वर्षं झाली त्याला. अजून किती चालवणार? नवीन घ्या.’

माझं रोजचं काम प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचं आहे. ऑफिसात कुणी येऊन ‘सर्व्हर बंद पडलाय, नवीन घेऊया’ म्हणाला असता, तर मी त्याला हसलो असतो. लॉग बघितलास का, शेवटचा बदल काय केला होतास, हे विचारलं असतं. मामाच्या बाबतीत यातलं एकही मला सुचलं नाही. मशीन दुकानात जाईपर्यंत चालू होतं, एसएमपीएस काढून परत बसवल्यावर बंद पडलं. शेवटचा बदल काय, हे मामा मला स्वतःच्या तोंडाने सांगत होता. मामाच शेवटी म्हणाला, ‘अरे, तू एकदा येऊन बघ तरी.’

शनिवारी सकाळी स्वारगेटहून एसटी पकडली. आदल्या संध्याकाळी तपकीर गल्लीतून एक साधा मल्टिमीटर घेतला होता. पुढे जे झालं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण माझा मुद्दा त्या तपशिलातच आहे.

सुरुवात काय बिघडलंय इथून करायची नसते. काय शाबूत आहे, ते आधी ठरवायचं. पंखे फिरत होते. म्हणजे भिंतीतला सॉकेट, पॉवर कॉर्ड, एसएमपीएसचं मागचं बटण आणि पुढचं पॉवर बटण, हे चौघेही निर्दोष. पंखे फिरलेच नसते तर वाट वेगळी होती. मग एसएमपीएस बोर्डापासून सोडवून २४ पिनी कनेक्टरमधली हिरवी वायर काळीला जोडून तो एकटा चालू होतो का बघितलं असतं. पण ती वेळ आली नाही.

मग व्होल्टेज. मशीन चालू ठेवून २४ पिनी कनेक्टरच्या पाठीमागून मीटरची टोकं लावली. पिवळ्या वायरवर १२ व्होल्ट हवेत, ११.४ ते १२.६ चालतात. लालवर ५, म्हणजे ४.७५ ते ५.२५. नारिंगीवर ३.३. तिन्ही मापात होती. करड्या वायरवरही ५ व्होल्ट होते. एसएमपीएस बोर्डाला ‘माझी वीज स्थिर झाली, आता तू कामाला लाग’ असा निरोप याच वायरवरून देतो. म्हणजे एसएमपीएस निर्दोष.

मग मशीन बंद करून सगळी रॅम काढून टाकली आणि पुन्हा चालू केलं. हे उलटं वाटेल. पण रॅम नसेल तर बोर्ड बीप वाजवून तक्रार करतो. या कॅबिनेटला छोटा स्पीकर होता, रोज सकाळी एक बीप वाजल्याशिवाय मामाचा दिवस सुरू होत नसे. आता रॅम काढली तरी एकही बीप नाही. ही शांतता हाच खरा पुरावा होता. बीप वाजवण्याची सूचना बायॉसमध्ये लिहिलेली असते आणि ती वाचतो प्रोसेसर. तक्रारच येत नाही, याचा अर्थ तक्रार लिहिणारा कारकून जागेवर नाही. प्रोसेसर चालतच नव्हता. मग रॅम घासून किंवा मॉनिटरची केबल बदलून काय होणार?

राहिल्या दोन शक्यता: प्रोसेसर किंवा बोर्ड खरंच मेलाय, नाहीतर प्रोसेसर उपाशी आहे.

प्रोसेसरला साधारण एक व्होल्टच्या आसपास वीज लागते. ६५ वॉटचा प्रोसेसर एक व्होल्टवर चालवायचा तर ६५ अँपिअर करंट हवा. एवढा करंट एसएमपीएसपासून बारीक वायरीतून आणणं शक्य नाही. म्हणून वीज १२ व्होल्टवर आणतात, तेव्हा पाच-साडेपाच अँपिअरमध्ये काम भागतं, आणि प्रोसेसरच्या अगदी शेजारी बोर्डावरचं सर्किट तिचं एक व्होल्ट करतं. त्यासाठी पेंटियम फोरच्या काळापासून बोर्डावर एक वेगळा सॉकेट असतो, जुन्या बोर्डांवर चार पिनी, नव्यांवर बहुधा आठ पिनी. २४ पिनी कनेक्टर लावला की पंखे फिरतात, दिवे लागतात. चार पिनी राहिला तर प्रोसेसरला काहीच पोचत नाही.

मामाचं कॅबिनेट जुन्या पद्धतीचं, एसएमपीएस वरच्या बाजूला. तो चार पिनी सॉकेट नेमका एसएमपीएसच्या पोटाखाली झाकला जातो. मोबाईलचा टॉर्च लावून वाकून बघितलं. सॉकेट रिकामा. दोन पिवळ्या आणि दोन काळ्या वायरींचा कनेक्टर डीव्हीडी ड्राइव्हच्या मागे दुमडून पडला होता. पॉवर कॉर्ड काढली, कनेक्टर लावला, टक आवाज आला. रॅम परत बसवली, कॉर्ड लावली, बटण दाबलं. एक बीप. विंडोज सेव्हन.

चाळीस मिनिटं गेली होती. त्यातले वायर लावायला पाच सेकंद.

मामा म्हणाला, ‘एवढंच?’

मी विचारलं, ‘मामा, त्या पोराने हे शोधून दिलं असतं आणि पाचशे रुपये मागितले असते, तर दिले असते?’

मामा जराही न अडखळता म्हणाला, ‘वायर लावायचे कसले रे पाचशे?’

माझा मामा कंजूष नाही. मी ऑनलाइन मागवलेल्या जेवणाच्या डिलिव्हरीचे पैसे निमूट देतो, पण दोन वर्षांपूर्वी मीही लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या एका माणसाशी ‘नुसते स्क्रू तर आवळले’ म्हणून शंभर रुपयांसाठी वाद घातला होता. आपण सामानाचे पैसे देतो, निदानाचे देत नाही. बदललेला भाग हातात पडला की पाकीट उघडतं. बदलायची गरज नाही, असं ज्याने डोकं लावून शोधून काढलं, त्याच्या हातावर काही ठेवायचं आपल्याला सुचत नाही.

संध्याकाळी मी त्या दुकानात गेलो, भांडायला नाही, विचारायला. मुलाला कनेक्टर राहिल्याचं सांगितलं तेव्हा तो ओशाळला. मग म्हणाला, ‘दादा, बघायचे पैसे कोणी देत नाही. बदललं की देतात. शेठ म्हणतात, अर्ध्या तासात नाही सापडलं तर सोडून दे.’

हिशोब साधा आहे. पंखा बदलण्याचे त्याच्या दुकानाला तीनशे मिळणार होते. त्यातला अर्धा तास त्याने फुकट बघण्यात घालवला. आणखी दोन तास बघून चूक सापडली असती तर मिळकत शून्य, वर ‘तूच विसरलास ना’ हे ऐकून घ्यायचं. नवीन मशीन विकलं तर नफा नक्की. ‘बोर्ड गेलाय’ या वाक्याचा खरा अर्थ ‘यापुढे बघणं मला परवडत नाही’ असा आहे. तो न परवडण्याचा कायदा आपण गिऱ्हाइकांनीच केलाय.

त्याची चूक नव्हती असं मी म्हणत नाही. काढलेली प्रत्येक वायर परत लावली का, हे तपासणं त्याचं काम होतं. पण चुका माझ्याही होतात. ऑफिसात मी दोन दिवस शोधून एक ओळ बदलतो. ‘नुसती एक ओळ तर बदलली’ असं मला कुणी म्हणत नाही. पगार त्या दोन दिवसांचा असतो. डॉक्टरलाही आपण ‘नुसता स्टेथोस्कोप तर लावला’ म्हणत नाही. काही झालेलं नाही असं त्याने सांगितलं तर फी देऊन वर समाधानाने बाहेर पडतो. मग कॅबिनेट उघडून बसलेल्या मुलाच्या डोक्याची किंमत शून्य का? मला याचं उत्तर बाजारात सापडत नाही, आपल्या सवयीत सापडतं. जो हाताने काम करतो त्याला डोक्याचे पैसे द्यायचे नसतात, ही सवय या समाजात फार जुनी आहे आणि ती कुठल्या उतरंडीतून आली हे वेगळं सांगायला नको. स्क्रीनसमोर बसून चूक शोधणारा ‘साहेब’ आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन चूक शोधणारा ‘पोरगा’.

यात माझ्या पदवीचाही वाटा आहे. चार वर्षांत एसएमपीएसची ब्लॉक आकृती मी परीक्षेत काढली, तिचे मार्कही मिळवले. पण बंद पडलेलं मशीन समोर ठेवून ‘यात काय बिघडलंय ते कारणासकट सांग’ असं मला एकदाही कुणी विचारलं नाही. आमचे प्रयोग आधीपासून चालणारेच असायचे, निष्कर्ष जर्नलमध्ये आधीच लिहिलेले. अशा शिक्षणातून बाहेर पडलेला इंजिनिअर मामाला फोनवर ‘नवीन घ्या’ सांगतो, यात नवल ते काय?

‘पण वेळेची किंमत आहे की नाही?’ हा आक्षेप मला मित्रांनी घेतला. आहे. म्हणूनच ती द्या, असं मी म्हणतोय. मामाच्या बाबतीत हिशोब पाचशे विरुद्ध २८ हजारांचा होता, शिवाय हंगाम. ‘जुनं किती दिवस कवटाळायचं?’ हा दुसरा आक्षेप. जुनं जरूर टाकावं, पण ते गेलंय हे सिद्ध झाल्यावर. न तपासता ‘गेलं’ म्हणणं आणि न तपासता ‘बाहेरची बाधा आहे’ म्हणणं, यात मला फरक दिसत नाही.

सरकारदरबारी या विषयाची दखल घेतली गेली आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठी पोर्टल सुरू झालं. नवे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. कंपन्यांनी सुटे भाग आणि सर्व्हिस मॅन्युअल द्यावीत, ही मागणी रास्तच आहे. पण मॅन्युअल वाचून विचार करणाऱ्या माणसाचं पोट भरणार नसेल, तर तो हक्क वापरणार कोण? मामाच्या मशीनला सुटा भाग लागलाच नव्हता. विचार लागला होता, आणि त्याला दुकानात दर नव्हता.

म्हणून माझी मागणी तुमच्या-माझ्याकडे आहे. दुरुस्तीला वस्तू देताना आधी विचारा, ‘बघायचे किती घ्याल?’ आणि काही बदलावं लागलं नाही तरी ते द्या. त्या बदल्यात ‘कशावरून?’ विचारायचा हक्क घ्या: कुठे मोजलं, किती आलं, किती यायला हवं होतं. बोर्ड गेला असेल तर गेलाच असेल, पण मग आकडा सांगता आला पाहिजे. आणि स्वतः बघणार असाल तर जरूर बघा, कॉर्ड काढून बघा. फक्त एसएमपीएसचा डबा उघडू नका. आपल्या २३० व्होल्टच्या लाइनवर त्यातल्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टपर्यंत साठलेले असतात आणि कॉर्ड काढल्यावरही ते काही वेळ तिथेच असतात.

गेल्या महिन्यात माझा फोन चार्ज होईना. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने पोर्टमध्ये उजेड मारून बघितलं, टाचणीने खिशातल्या कापसाचा बारीक गोळा काढला, चार्जर लावून दाखवला. मी विचारलं, ‘किती झाले?’

‘काही नाही दादा, नुसता कचरा होता.’

मी शंभराची नोट काउंटरवर ठेवली. तो म्हणाला, ‘अहो, बघायचे पैसे नसतात.’

‘असतात,’ म्हटलं.