सर्व्हो मोटर 'मेंटेनन्स फ्री' आहे, असे कोण म्हणतो?



आमच्या कारखान्यात चाकांना बोअर करणारी एक सीएनसी उभी मशीन आहे. चाक टेबलावर घट्ट बांधतात, टेबल फिरते, आणि वरून रॅम खाली येऊन धुऱ्याच्या मापाचे भोक काटेकोर कातते. काही वर्षांपूर्वी सकाळच्या पाळीत ही मशीन मध्येच थांबली. पडद्यावर अलार्म. ऑपरेटरने रिसेट मारला, दहा मिनिटे चालली, पुन्हा थांबली. मशीन वार्षिक देखभाल करारात होती, म्हणून मिलराईट शॉपच्या, म्हणजे कारखान्यातली यंत्रे दुरुस्त करणाऱ्या आमच्याच खात्याच्या माणसांना कपाट उघडायची मनाई. कंपनीचा इंजिनिअर चौथ्या दिवशी आला. तासाभरात निदान झाले : रॅमची सर्व्हो मोटर गेली, नवी घालावी लागेल. नवी मोटर परदेशातून यायची होती. ती यायला अकरा आठवडे लागले.

अकरा आठवडे मशीन बंद म्हणजे काय, हे इन्सेंटिव्हवर काम करणाऱ्याला सांगावे लागत नाही. आयडल टाइमची कार्डे भरत राहायची, बोनसचे तास बुडाले ते बुडालेच. तिकडे चाकांचा ढीग वाढतो आहे म्हणून जुन्या मशीनवर माणसांना जादा वेळ थांबवायचे. नवी मोटर एकदाची आली, बसवली, चहापाणी झाले. तिसऱ्या दिवशी तोच अलार्म!

तेव्हा मात्र आमच्या एका इलेक्ट्रिक फिटरने, फोरमनने तोंड दुसरीकडे फिरवले असताना, मेन स्विच पाडून मोटरच्या शेपटीकडचा कनेक्टर उघडला. आत काळे तेल. वरच्या ल्युब्रिकेशनच्या नळीतून थेंब थेंब झिरपून ते केबलच्या कडेने कनेक्टरमध्ये उतरले होते. त्याने पिना पुसल्या, वाळवल्या, रबरी सील बदलले, नळीचा जोड घट्ट केला आणि केबलला कनेक्टरच्या आधी खाली झोल दिला, म्हणजे तेल आलेच तर तिथून टपकून जाईल. त्यानंतर तो अलार्म आला नाही. मग त्याने काढून ठेवलेली जुनी मोटर तपासली. तिन्ही फेजचा रेझिस्टन्स सारखा, मेगरवर इन्सुलेशन उत्तम, बेअरिंगला आवाज नाही. मोटर ठणठणीत होती.

ही गोष्ट मी कंपनीच्या इंजिनिअरला नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. त्या मुलाला दुपारच्या गाडीने दुसऱ्या गावच्या कॉलवर जायचे होते. सांगायचे ते असे, की मोटर बदलणे ही दुरुस्तीची शेवटची पायरी आहे आणि हल्ली ती पहिली पायरी झाली आहे. ती पहिली झाली कारण मधल्या पायऱ्या माहीत असणारी माणसे प्रशासनाने दारातच उभी केली आहेत.

टपाल खात्यातल्या आणि गाडीवर काम करणाऱ्या बंधूंसाठी सर्व्हो मोटर म्हणजे काय ते आमच्या शॉपच्या भाषेत सांगतो. साध्या मोटरला वीज दिली की ती फिरते, काढली की थांबते. सर्व्होला हुकूम असतो : एवढे फीर, इतक्या वेगाने, आणि बरोब्बर इथे थांब. तिच्या मागच्या टोकाला एन्कोडर बसवलेला असतो. तो तिचा डोळा. मोटर किती फिरली हे तो क्षणोक्षणी कपाटातल्या ड्राइव्हला कळवतो, ड्राइव्ह हुकूम आणि प्रत्यक्ष यांची तुलना करतो, आणि फरक मर्यादेबाहेर गेला की मशीन थांबवून अलार्म देतो. म्हणजे अलार्म आला याचा अर्थ मोटर जळाली असा होत नाही. डोळा झाकला गेला असेल, डोळ्याची नस म्हणजे केबल तुटली असेल, किंवा मोटरला जे ओझे ओढायचे तेच कुठेतरी अडकले असेल.

अमेरिकेत 1952 साली एमआयटीमध्ये आकड्यांच्या हुकुमावर चालणारी मिलिंग मशीन दाखवली गेली, तिथून हा प्रवास सुरू झाला. आपल्या रेल्वेत वर्कशॉपांच्या आधुनिकीकरणासाठी 1979 साली कॉफमॉ ही संस्था निघाली आणि पुढे अनेक वर्षे मोठ्या मशीन तिच्यामार्फत आल्या. सुरुवातीच्या सीएनसी मशीनवर डीसी सर्व्हो असायच्या. त्यांना कार्बन ब्रश होते, कम्युटेटर होता. ब्रश झिजायचे, काळी पूड साचायची, ती फुंकून काढावी लागे. त्यामुळे कोणी काही म्हणो, ठरलेल्या दिवशी इलेक्ट्रिशियन झाकण उघडून मोटरचे तोंड बघायचा. ऐंशीच्या दशकात एसी सर्व्हो आल्या. ब्रश गेले, आणि कंपन्यांच्या रंगीत पत्रकांवर दोन शब्द आले : 'मेंटेनन्स फ्री'. कंपनीने ते मोटर विकण्यासाठी छापले. आमच्या साहेबलोकांनी ते मिलराईट शॉपच्या जागा सरेंडर करण्यासाठी वाचले.

ब्रश गेले हे खरे. पण बेअरिंग गेले का? शाफ्टचे ऑइल सील गेले का? ते कडक झाले की गिअरबॉक्सचे तेल मोटरमध्ये शिरते. केबल तर रोज हजार वेळा वाकते, आतली एखादी तार तुटते आणि दोष असा येतो की सोमवारी दिसतो, मंगळवारी दिसत नाही. कपाटाचा पंखा आणि त्याची जाळी धुळीने बुजली की ड्राइव्ह तापतो. उभ्या स्लाइडच्या मोटरमध्ये ब्रेक असतो. तो थांबलेले वजन धरून ठेवण्यासाठी असतो, चालते वजन थांबवण्यासाठी नव्हे. उठसूट इमर्जन्सी बटण दाबणाऱ्या शॉपमध्ये तो लवकर झिजतो. आणि ज्या मशीनचा एन्कोडर आपली जागा बॅटरीवर लक्षात ठेवतो, तिथे ती बॅटरी. चिमूटभर वस्तू, पण तिची खरेदी फाइलीत अडकली आणि ती संपली तर मशीन आपले शून्य विसरते. ती मशीनची वीज चालू ठेवून बदला असे बहुतेक मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेले असते. मॅन्युअल मात्र साहेबांच्या कपाटात कुलपात.

यात अर्धे काम तर ऑपरेटरच करतो, आणि त्याची नोंद कुठेच नाही. पडद्यावर प्रत्येक अक्षाचा लोड टक्क्यांत दिसतो. रोज तीस-पस्तीस दिसणारा आकडा आज साठ झाला, तर ऑपरेटरच्या ते आधी लक्षात येते. अशा वेळी मोटर निर्दोष आणि स्लाइडला तेलच पोहोचत नाही, बॉलस्क्रूत बुरादा अडकला आहे, असे पुष्कळदा निघते. मोटर कपलिंगवरून सोडवून स्क्रू हाताने फिरवून पाहिला की दोष मोटरकडे की मशीनकडे ते कळते. असे ओझे न बघता नवी मोटर घातली तर काही दिवसांत तीही तापणार.

आता आपल्या चुका. पत्रक काढताना प्रशासनाच्या चुका मोठ्या टाइपात आणि आपल्या गाळून, ही पद्धत मला कधी पटली नाही.

वीसेक वर्षांपूर्वी एका मशीनची कपलिंग निघेना, म्हणून आमच्याच एका जाणत्या फिटरने शाफ्टवर हातोड्याचे दोन ठोके दिले. आयुष्यभर तो ट्रॅक्शन मोटरचे पिनियन काढत आलेला, त्याला त्यात काही वावगे वाटले नाही. कपलिंग निघाली. मोटर मात्र पुन्हा सरळ चालली नाही, कारण आतली एन्कोडरची चकती काचेची होती. पुलर शेजारच्या टेबलावरच पडलेला. दुसऱ्या एकाने केबल ड्राइव्हला जोडलेली असतानाच मेगर लावला आणि मोटरचा दोष शोधता शोधता ड्राइव्ह घालवला. मेगर फक्त मोटरच्या पॉवरच्या तारांवर, ड्राइव्हपासून सोडवून, आणि एन्कोडरच्या तारांवर कधीच नाही, एवढे त्याला कोणी एका ओळीत सांगितले असते तर!

तिसरी गोष्ट सांगताना अजून अंगावर काटा येतो. उभ्या स्लाइडची मोटर बदलायची होती. वीज बंद केली, सगळे नियमाप्रमाणे. फिटरने मोटरचे शेवटचे बोल्ट सैल करून मोटर बाहेर ओढली आणि स्लाइड धाडकन वीतभर खाली आली. ब्रेक मोटरच्या पोटात होता. मोटर निघाली म्हणजे ब्रेकही निघाला, मग ते वजन धरणार कोण? आमचा एक हेल्पर नुकताच खालचा पाना उचलून मागे सरला होता. तो अजून नोकरीत आहे आणि दोन्ही हातांनी जेवतो, हे नशीब म्हणायचे. तेव्हापासून आमच्या शॉपमध्ये उभ्या अक्षाला हात लावण्याआधी खाली लाकडी ठोकळा किंवा जॅक देतात आणि सेक्शन इंजिनिअर स्वतः बघून सही करतो. वीज बंद केल्यावरही ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये मारक दाब राहतो. झाकणावर लिहिलेली मिनिटे थांबायचे आणि मीटर लावून दाब उतरल्याची खात्री करायची. ही मिनिटे उत्पादनातून वजा होतात म्हणून कोणी घाई केली, तर युनियनचा माणूस मध्ये उभा राहील, हे मी जाहीरपणे लिहितो.

या तीनही गोष्टींत माणूस अडाणी नव्हता. त्याला शिकवलेले नव्हते. प्रशासन नेमके याच गोष्टी पुढे करून म्हणते, बघा, तुमच्या लोकांना जमत नाही, म्हणून करार द्यावा लागतो. मला हे उलटे दिसते. मशीन खरेदी होते कोट्यवधींची, तिच्याबरोबर कंपनी प्रशिक्षण देते, आणि त्या प्रशिक्षणाला जातो कोण? बहुतेक वेळा असा अधिकारी, ज्याची दीड-दोन वर्षांत बदली होणार. पाना धरणारा टेक्निशियन, जो निवृत्त होईपर्यंत त्याच मशीनपाशी राहणार, तो मात्र जात नाही.

मशीन नको, असे आम्ही म्हणत नाही. 1960च्या दशकात कलकत्त्यात एलआयसीच्या कर्मचाऱ्यांनी संगणकाला दीर्घकाळ रोखून धरले. त्यांची नोकऱ्यांबद्दलची भीती पोकळ नव्हती. पण आज मशीन दारात आलेली आहे आणि प्रश्न तिची किल्ली कोणाच्या कमरेला, हा आहे. टपालातील बंधूंनी हे माझ्या आधी पाहिले. मुंबईत 1993 साली आणि चेन्नईत 1996 साली पत्रे वर्गीकरण करणारी स्वयंचलित केंद्रे आली. त्या वेळी सगळी चर्चा सॉर्टरच्या जागांची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण पट्टे, मोटरी आणि सेन्सर सांभाळणार कोण, खात्याचा माणूस की बाहेरचा, हा मुद्दाही तेवढ्याच जोराने धरायला हवा. आता पार्सलच्या कामात यंत्रे येतील तिथे तो सुरुवातीलाच धरा. करार सही झाल्यावर धरून उपयोग नाही.

आमच्या युनियनने पीएनएमच्या बैठकीत हा विषय घातला आहे. करार रद्द करा, अशी आमची मागणी नाही. ड्राइव्हच्या आतली कार्डे दुरुस्त करणे आमच्या शॉपमध्ये शक्य नाही, हे आम्हाला कळते. मागणी एवढीच, की कराराखालच्या प्रत्येक कामावर आमचा एक इलेक्ट्रिक आणि एक मेकॅनिकल कारागीर शेजारी उभा राहील आणि काय सापडले, काय बदलले ते लॉगबुकात लिहील. मोटर निकामी ठरवण्याआधी केबल, कनेक्टर, ब्रेक आणि स्लाइडचे ओझे तपासल्याची नोंद त्यात असेल. मशीनच्या पॅरामीटरची प्रत शॉपमध्ये राहील, कारण ती नसली तर नवी मोटर असूनही मशीन उभी राहत नाही. पुढच्या निविदांमध्ये दोन कारागिरांचे प्रशिक्षण, वायरिंगचे नकाशे आणि निदान एक सुटी मोटर यांची अट असेल. आणि ग्वाल्हेरची कॅमटेक संस्था देखभालीच्या पुस्तिका काढते, त्या धर्तीवर सर्व्होवर पन्नास पानांची पुस्तिका हिंदी-मराठीत आमच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये पोहोचावी. इंग्रजी मॅन्युअलमधले धोक्याचे चौकोन वाचता येत नाहीत म्हणून माणसाचा हात जाणे, हे कोणत्याच नियमात बसत नाही.

पहिल्या बैठकीत उत्तर मिळाले, 'विचाराधीन'. दुसऱ्या बैठकीत लॉगबुकाचा मुद्दा मान्य झाला. प्रशिक्षणाचा मुद्दा मुख्यालयाकडे गेला आहे. ती जुनी मोटर मात्र अजून 'निकामी' अशी लाल चिठ्ठी लावून स्टोअरच्या मांडणीवर पडून आहे. ती तपासून सुटा भाग म्हणून नोंदवावी, असा अर्ज आम्ही दिला आहे. स्टोअरचे म्हणणे असे, की निकामी मोटर चांगली झाल्याची नोंद करायला त्यांच्याकडे फॉर्मच नाही. तो फॉर्म कोणता असावा, हा पुढच्या बैठकीचा विषय क्रमांक चार आहे.