औषध लागू पडते, तेव्हाच मूत्रपिंडाला धोका

रक्ताच्या किंवा लसिका ग्रंथींच्या कर्करोगावर केमोथेरपी सुरू होते. मानेतल्या, काखेतल्या गाठी भराभर विरघळू लागतात. नातेवाइकांना हायसे वाटते. पण नेमक्या याच सुमारास काही रुग्णांची लघवी कमी होते आणि मूत्रपिंडे काम थांबवू लागतात. औषध फसल्यामुळे नव्हे, तर लागू पडल्यामुळे ओढवणाऱ्या या संकटाला ‘ट्यूमर लायसिस सिंड्रोम’ म्हणतात. त्यात मूत्रपिंडावर घाला घालणारा मुख्य घटक असतो युरिक ॲसिड.

आपल्या पेशींच्या केंद्रकात प्युरिन नावाची द्रव्ये असतात. पेशी मेली की त्यांचे विघटन होऊन शेवटी युरिक ॲसिड बनते. त्यातील सुमारे दोन तृतीयांश भाग मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो. एरवी हे काम बिनबोभाट चालते. मात्र असंख्य कर्कपेशी एकाच वेळी फुटल्या, तर रक्तात युरिक ॲसिडचा लोंढा येतो. पुरुषांमध्ये साधारण सात मिलिग्रॅमपर्यंत असणारे प्रमाण अशा वेळी पंधराच्या वर जाऊ शकते.

रक्तात ते बरेचसे विरघळलेले राहते. मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांमध्ये मात्र पाणी शोषले जाऊन लघवी घट्ट आणि आम्लधर्मी होत जाते. तिथे त्याचे स्फटिक बनतात, नलिका तुंबतात. स्फटिक झाले नाहीत तरी युरिक ॲसिडमुळे मूत्रपिंडातील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, दाह वाढतो. फुटलेल्या पेशींमधून पोटॅशियमही बाहेर पडलेले असते. ते बाहेर टाकणारे मूत्रपिंडच बंद झाले, तर हृदयाचे ठोके अनियमित होऊन जीव जाऊ शकतो. हे सारे बहुतेकदा उपचारानंतर 12 ते 72 तासांत घडते. बर्किट लिम्फोमा आणि पांढऱ्या पेशी अतोनात वाढलेला तीव्र ल्युकेमिया यांत धोका सर्वाधिक असतो.

म्हणूनच खरी लढाई केमोथेरपीच्या पहिल्या डोसाआधी सुरू होते. शिरेवाटे भरपूर द्रव देणे, लघवीचे मोजमाप ठेवणे आणि युरिक ॲसिड, पोटॅशियम, फॉस्फेट, कॅल्शियम, क्रिएटिनिन यांच्या चाचण्या दिवसातून अनेकदा करणे, हा तिचा पाया. पूर्वी लघवी अल्कधर्मी करण्यासाठी सोडा बायकार्ब सर्रास दिले जाई. त्यामुळे कॅल्शियम फॉस्फेट साचण्याचा धोका वाढतो, हे लक्षात आल्यावर ती पद्धत मागे पडली.

ॲलोप्युरिनॉल हे जुने, स्वस्त औषध नवे युरिक ॲसिड बनू देत नाही. आधीच साचलेले मात्र ते हटवत नाही. ते काम रासबुरिकेज करते. युरिक ॲसिडचे सहज विरघळणाऱ्या द्रव्यात रूपांतर करणारे विकर बहुतेक सस्तन प्राण्यांत असते. माणसाच्या पूर्वजांनी ते गमावले. रासबुरिकेज ही त्याचीच उसनवारी. शेंगदाण्यावर अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करणाऱ्या बुरशीतील जनुक वापरून ते बनवतात. औषध महाग असल्याने भारतात अनेक ठिकाणी एकच छोटा डोस देऊन पुढे चाचण्यांवर लक्ष ठेवले जाते.

मात्र ‘जी-6-पीडी’ या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांना ते देता येत नाही. तांबड्या पेशी फुटून जिवावर बेतू शकते. ही कमतरता पारशी समाजात आणि महाराष्ट्रातील काही आदिवासी समाजांत आढळते. त्यामुळे शक्य असेल तेव्हा आधी ती तपासणे गरजेचे ठरते.

नेहमीच्या तपासणीत युरिक ॲसिड साडेसात निघाले म्हणून डाळ-उसळ सोडणाऱ्यांची स्थिती मात्र अगदी वेगळी आहे. गाउट किंवा मुतखडा नसताना केवळ आकडा थोडा वाढला, तर बहुतेकांना औषध लागत नाही. मूत्रपिंडाचा जुनाट आजार असलेल्यांना ॲलोप्युरिनॉल देऊन तो मंदावतो का, हे पाहणाऱ्या, 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांतही फायदा दिसला नाही.

केमोथेरपी सुरू होणाऱ्या रुग्णाच्या घरच्यांनी मात्र डॉक्टरांना आधीच विचारावे: हा धोका किती आहे, आणि लघवी कमी झाली तर कोणाला कळवायचे? घरी परतल्यावर लघवी घटणे, उलट्या, स्नायूंत पेटके किंवा छातीत धडधड जाणवली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.