दावा मंजूर झाला, आता सायकल कोणती?

वॉरंटीतल्या सायकलची फ्रेम तुटली आणि कंपनीने दावा फेटाळला, तर पुढचा रस्ता ठरलेला असतो: भांडायचे, नाहीतर गॅस वेल्डिंगवाला गाठायचा. दावा मंजूर झाला की मात्र पंचाईत होते. तेच मॉडेल बहुधा बंद झालेले असते. मग दुकानदार सांगतो, नुसती फ्रेम घ्या आणि जुने सामान तिच्यावर चढवा. किंवा त्याच किमतीची दुसरी सायकल न्या. किंवा वर थोडे पैसे भरा आणि गिअरची, डिस्क ब्रेकची घेऊन जा. जालन्यात सळईच्या कारखान्यात पाळीवर जाणारा कामगार, बदनापूरकडचा शिक्षक, अंबड रस्त्यावरचा दूधवाला यांपैकी कोणालाही हा प्रश्न पडू शकतो, आणि सगळ्यांचे उत्तर एकच असण्याचे कारण नाही. तरी आमचे एक मत आहे. सायकल चांगली की वाईट हे नंतर पाहावे. आधी जुनी का तुटली ते शोधावे, आणि नवी बिघडली तर तिला जिल्ह्यात कोण हात लावेल हे विचारून घ्यावे.

तुटण्याची जागा बरेच काही सांगते. हँडलच्या नळीखालची तिरकी नळी चुरगळून फुगली असेल, तर समोरून धडक बसलेली आहे. तो अपघात, आणि वॉरंटी तिथे संपते. तीच नळी न चुरगळता वेल्डिंगच्या कडेने चिरली असेल, तर धातू थकला आहे किंवा झाळ कच्ची होती. पायडलच्या बेअरिंगच्या घराजवळची चीर रोजच्या रेट्याने येते, आणि मुळात जोड नीट नसेल तर लवकर येते. सीटच्या नळीचे तोंड फाटलेले असेल तर दोष बहुधा आपला. उंच माणसाने सीट वर, आणखी वर करत दांडा खुणेच्या बाहेर काढला, की सगळे वजन नळीच्या शेवटच्या इंचावर येते. आणि कॅरिअर जिथे बसते तिथे चीर असेल, तर तिथे काय काय लादले होते ते आठवावे. जालन्यात कॅरिअरवर डबा जातो, येताना बाजार येतो, कधी पोर बसते, कधी गॅसची टाकी.

नुसती फ्रेम बदलून घ्यावी की नाही, हे यावरच ठरवावे. साध्या वापरात वर्षाच्या आत जोड उकलला, तर तो त्या एका फ्रेमचा दोष असण्याची शक्यता मोठी आहे. तीच फ्रेम पुन्हा घेण्यात गैर काही नाही. जुनी चाके, क्रँक, सीटचा दांडा बसतात. फार तर चढवण्याची मजुरी जाते, कारण वॉरंटीत ती बहुधा धरलेली नसते. ओझ्याने तुटली असेल, तर मात्र तीच फ्रेम घेणे म्हणजे पुढच्या तुटण्याची तारीख तेवढी पुढे ढकलणे. ओझे काही कमी होणार नाही. घर तेच, बाजार तोच.

आता लोखंड की ॲल्युमिनियम. दुकानात जिला ‘अलॉय फ्रेम’ म्हणतात ती हलकी, गंज न धरणारी आणि दिसायला देखणी असते. लोखंडी फ्रेम जड असते; काळी, उभ्या बैठकीची जुनी सायकल तर वीस किलोच्या आसपास भरते. पण पोलादाचा एक गुण आहे. ठरावीक मर्यादेखालचा ताण कितीही वेळा आला तरी ते थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. प्रत्येक खड्डा थोडाथोडा जमा होत राहतो. म्हणून त्याच्या नळ्या जाड ठेवतात, आणि बऱ्याच फ्रेमना वेल्डिंगनंतर भट्टीत ठेवून पुन्हा ताकद द्यावी लागते. कारखान्यात हे नीट झालेले असेल तर अलॉय फ्रेमही वर्षानुवर्षे टिकते, त्याबद्दल वाद नाही. प्रश्न वॉरंटी संपल्यानंतरचा आहे. लोखंडी नळी चिरली तर गावातला कारागीर पितळेची झाळ देऊन ती उभी करतो. अलॉयच्या नळीवर साध्या गॅरेजात वेल्डिंग केले, की जोडाशेजारचा धातू मऊ पडतो आणि पुढची चीर तिथूनच सुरू होते.

गंमत अशी की जालन्याची ओळखच पोलादाची. भंगार वितळवून इथे सळई निघते, ती राज्यभर घरांच्या स्लॅबमध्ये जाते. सायकलची नळी मात्र पातळ पट्टी वळवून केलेली, लुधियाना किंवा चेन्नईच्या बाजूने येते. सायकलवाल्याला इथल्या सळईचा काही उपयोग नाही. उपयोग आहे तो गल्लोगल्लीच्या वेल्डिंगवाल्यांचा. हा आधार पुण्या-मुंबईच्या माणसाला सहज मिळत नाही, आणि आपण निवड करताना त्याची किंमत धरत नाही.

मग काळी सायकलच घ्यावी का? इथे आम्हीच अडखळतो. तिचे ब्रेक लोखंडी दांड्यांचे, रिम लोखंडाची. पावसात ओल्या रिमवर रबर घसरते आणि सायकल थांबेपर्यंत बराच रस्ता मागे पडतो. औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर भंगार आणि सळई वाहणारे ट्रक, पावसाळ्यात काळ्या मातीचा राडा, रात्रपाळीला अपुरा उजेड. तिथे टिकाऊ फ्रेमपेक्षा धरणारा ब्रेक आधी लागतो. तुटलेली फ्रेम बदलून मिळते, ट्रकखाली गेल्यावर बदलून मिळण्यासारखे काही उरत नाही. डिस्क ब्रेक चिखलात चांगला, हे खरेच आहे. पण तेलावर चालणारा डिस्क बिघडला तर जाफराबाद-मंठ्याकडे तो उघडणारा माणूस शोधावा लागतो, आणि जालन्याची एक चक्कर म्हणजे एक खाडा. तारेवर चालणारा डिस्क त्या मानाने बरा. ॲल्युमिनियमच्या रिमवर दोन्ही बाजूंनी दाबणारे साधे ब्रेक त्याहून स्वस्त, आणि त्यांचे रबर कुठेही मिळते.

आमचा कौल म्हणून थोडा मधला आहे. रोज सात-आठ किलोमीटर जाऊन येणाऱ्या, ओझे नेणाऱ्या माणसाने लोखंडी फ्रेमची, बिनगिअरची, सव्वीस इंची चाकांची, ॲल्युमिनियम रिमची सायकल घ्यावी. पुढे-मागे शॉकॲब्सॉर्बर नकोच. स्वस्त सायकलीतला मागचा शॉक वजन वाढवतो, आणि त्याच्या खिळीतली बुशे झिजली की मागचे चाक डुलू लागते. ओझे न नेणाऱ्याने, हलकी सायकल दुसऱ्या मजल्यावर उचलून ठेवावी लागणाऱ्याने अलॉय खुशाल घ्यावी. फक्त टायरचा आकार आणि सीटच्या दांड्याची जाडी घेऊन आपल्या नेहमीच्या दुकानात आधी विचारावे. ७०० सीचे टायर काळ्या सायकलीच्या २८ इंची रिमला बसत नाही आणि तिचे ७०० सीच्या रिमला बसत नाही, जरी डोळ्यांना दोन्ही चाके सारखीच दिसली. पंक्चर काढणारा ट्यूब कशीबशी बसवून देतो. टायर फाटले की मात्र अडते.

वर पैसे भरण्याच्या पर्यायाबाबत सावध राहावे. सवलतीच्या नावाखाली माणूस गरज नसलेले गिअर विकत घेतो. जालना शहरात मोठे चढ नाहीत. त्रास असतो तो उन्हाळ्यातल्या झळांचा, आणि गिअरने झळा कमी होत नाहीत. गुडघ्याचा त्रास असलेल्याची किंवा रोज लांबून येणाऱ्याची गोष्ट वेगळी. विजेवरची सायकल २५० वॉटपर्यंतची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली असेल तर परवाना, नोंदणी लागत नाही, हे खरे. पण तापलेल्या पत्र्याखाली दिवसभर उभी राहणारी बॅटरी आणि तिचा बदलाचा खर्च धरला, की हिशेब बदलतो. जुनी मोटारसायकल घेण्याचा सल्लाही कोणीतरी देतोच. पेट्रोल शंभरीच्या वर आहे, एवढेच त्याला सांगावे.

‘त्याच किमतीची’ या शब्दांत एक गोम आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. समजा २०२४ मध्ये करासह १४,००० रुपयांना सायकल घेतली. तिची मूळ किंमत १२,५०० होते. तीच मूळ किंमत आज ५ टक्के करासह १३,१२५ होते. कंपनीने बदली देताना पावतीवरचे १४,००० धरायचे की आजचे १३,१२५? ग्राहकाने अर्थातच पावतीवरचे धरावेत आणि वरच्या ८७५ रुपयांत कॅरिअर, स्टँड, मडगार्ड मागून घ्यावेत. दुकानदाराची बाजूही ऐकावी लागते. बदली सायकल त्याच्या गल्ल्यातून जाते, कंपनीकडून पैसे नंतर वळते होतात, आणि चढवण्याच्या कामात त्याचा पोऱ्या अर्धा दिवस अडकतो. तो टाळाटाळ करतो तेव्हा दर वेळी लबाडीच असते असे नाही.

कायदा ग्राहकाच्या बाजूने बराच झुकलेला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जिल्हा आयोग दोष दूर करायला, त्याच वर्णनाची निर्दोष वस्तू द्यायला किंवा व्याजासह किंमत परत करायला सांगू शकतो. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून पाहता येतो. गरज पडल्यास आयोग वस्तू तपासायला प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. म्हणून चिरलेल्या फ्रेमवर घाईने वेल्डिंग करू नये. पुरावा तिथेच जळतो. दूधवाल्याचा पेच इथे सगळ्यात अवघड. धंद्यासाठी वापरली म्हणून कंपनीची वॉरंटी त्याला नाकारू शकते. कायदा मात्र स्वतःच्या पोटासाठी, स्वतः राबून वापरणाऱ्याला ग्राहकच मानतो. हक्क आहे, पण तो मिळवायला महिने लागू शकतात आणि दूध रोज पोहोचवायचे असते. त्याला आम्ही आयोगाचा हट्ट धरायला सांगणार नाही. मिळेल ती बदली विकून मजबूत काळी सायकल घेणे त्याला परवडेल.

‘आजीवन वॉरंटी’ या शब्दांवर निवड टांगू नये. ते आयुष्य पहिल्या मालकाचे, आणि कंपनीचेही. मुंबईची हिंद सायकल आणि आसनसोलची सेन-रॅले यांचे १९८० मध्ये राष्ट्रीयीकरण झाले, तरी पुढे ते कारखाने बंदच पडले. १९५१ मध्ये सोनिपतला सुरू झालेल्या ॲटलसने ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, साहिबाबादच्या कारखान्याचे काम थांबवले. त्यांच्या काळ्या सायकली मात्र गावोगाव चालत राहिल्या, कारण त्यांचे सुटे भाग सगळ्यांचे सारखेच होते.

शाळकरी मुलींचे वेगळे बोलायला हवे. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. २०२२ मध्ये ती रक्कम ३,५०० वरून ५,००० रुपये झाली. या किमतीच्या सायकलीची फ्रेम तुटली की पालक दावा न करताच जोड मारून घेतात, कारण पावती शाळेत जमा असते. शाळेने झेरॉक्स पालकांकडे ठेवायला सांगितले तरी पुष्कळ होईल. आणि बदली मिळत असेल तर त्याच मापाची घेऊ नये. आठवीत घेतलेली सायकल दहावीत लहान पडते, मुलगी सीट वर काढते, आणि सीटच्या नळीचे तोंड फाटते. एक माप मोठी, दांडी खाली असलेली फ्रेम मागावी. दुकानदार देतो, फक्त मागावी लागते.

शेवटचे काम दुकान सोडण्याआधीचे. नव्या फ्रेमचा नंबर, जो बहुतेक सायकलींवर पायडलच्या बेअरिंगच्या घराखाली ठोकलेला असतो, तो पावतीवर लिहून दुकानदाराचा शिक्का घ्यावा. वॉरंटी आजपासून नव्याने धरली आहे की जुनीच उरलेली चालू आहे, तेही त्याच कागदावर लिहून घ्यावे. तोंडी सांगणारा पोऱ्या पुढच्या वर्षी त्या दुकानात असेलच असे नाही.