वृद्धांची सेवा आणि विद्यार्थ्यांची वेठ

समाजकार्याचे शिक्षण घेणारा विद्यार्थी आठवड्यातून दोन दिवस वृद्धाश्रमात, रुग्णालयाच्या वॉर्डात किंवा वस्तीतल्या एकाकी म्हाताऱ्यांकडे जातो. विद्यापीठाच्या भाषेत याला क्षेत्रकार्य म्हणतात. त्याला गुण असतात, हजेरी असते, दर आठवड्याला सादर करावयाचा अहवाल असतो. नसतो तो बहुधा प्रवासखर्च. नसते ते विद्यावेतन. आणि पुष्कळदा संस्थेत त्याला शिकवणारा एकही प्रशिक्षित समाजकार्यकर्ता नसतो. ही व्यवस्था विद्यार्थ्यावर अन्याय करतेच, पण ज्यांच्या नावाने ती चालते त्या वृद्धांचीही ती फसवणूक करते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने देशातील समाजकार्याची पहिली शाळा निघाली, तेव्हापासून क्षेत्रकार्य हा या शिक्षणाचा कणा मानला गेला. त्यामागील कल्पना योग्यच होती. माणसाचे दुःख पुस्तकातून कळत नाही. ते समजून घेण्यासाठी अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली माणसांत जावे लागते. आज यातला मार्गदर्शक गळाला आणि जाणे तेवढे उरले. संस्थाचालकाला दर वर्षी चार-दोन फुकटचे हात मिळतात. महाविद्यालयाच्या दप्तरी तास भरतात. वीस-बावीस वर्षांची मुलगी मात्र स्मृतिभ्रंश झालेल्या आजींसमोर एकटी बसते. आपण काय बोलावे, हे तिला कोणी सांगितलेले नसते. ज्या आजोबांशी तिने सहा महिने नाते जोडले, ते एका सकाळी खाटेवर नसतात. त्या मृत्यूविषयी तिच्याशी बोलायला कोणाला वेळ नसतो. अहवालात तेवढी नोंद होते.

आणि हे काम केवळ गप्पागोष्टींचे नाही. श्रावणबाळ योजनेचा अर्ज भरायचा तर वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे खाते, आधार हे सारे जमवावे लागते. जन्मभर मोलमजुरी केलेल्यांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात. यंत्र ते ओळखत नाही. मग तलाठी, सेतू, तहसील अशा खेपा सुरू होतात. या खेपा कोण घालतो? पुष्कळ ठिकाणी हाच विनावेतन विद्यार्थी, स्वतःच्या खिशातून बसचे तिकीट काढून! आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा २००७ साली झाला. निराधारांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० जणांची सोय असलेला वृद्धाश्रम त्यात कल्पिला होता. पण ‘शासन काढू शकेल’ अशा शब्दांत ते कर्तव्य सैल ठेवले गेले. ८० वर्षांखालील दरिद्री वृद्धाच्या निवृत्तिवेतनातला केंद्राचा वाटा २००७ साली महिना २०० रुपये होता, आजही तेवढाच आहे. शासनाने सोडलेली ही पोकळी विद्यार्थ्यांच्या पायपिटीने भरून काढली जात आहे. २०१२ साली पेन्शन परिषदेच्या रूपाने डॉ. बाबा आढाव व अरुणा रॉय यांनी किमान वेतनाच्या निम्म्याइतके सार्वत्रिक निवृत्तिवेतन मागितले होते. वृद्धाचा हक्क आणि त्या हक्कासाठी धावपळ करणाऱ्याचा हक्क, ही एकाच मागणीची दोन अंगे होत.

यावर आपल्यापैकीच काही वडीलधारे म्हणतील की, सेवेला पैशाची जोड दिली तर ध्येयवाद संपेल. हा युक्तिवाद ऐकायला उदात्त आहे, पण तो नेमका कोणाला ऐकवला जातो ते पाहावे. वैद्यकीय शिक्षणातल्या आंतरवासी डॉक्टरला विद्यावेतन मिळते. कारखान्यातल्या शिकाऊ कामगाराला १९६१ च्या कायद्याने ते मिळते. त्यांचा ध्येयवाद त्यामुळे नासला, असे कोणी म्हणत नाही. मग वृद्धांची विचारपूस हेच तेवढे फुकट करायचे काम का? कारण घरात ते काम सुनेने व लेकीने आजवर फुकटच केले. घरातल्या बाईच्या श्रमाला जसे मोल नाही, तसेच ते घराबाहेर पडल्यावरही नाही, एवढाच त्याचा अर्थ.

शिवाय हा ध्येयवाद परवडतो कोणाला? २०१८ च्या फेब्रुवारीत टाटा समाजविज्ञान संस्थेतील विद्यार्थ्यांनी संप केला. अनुसूचित जाती-जमातींच्या शिष्यवृत्तिधारकांना वसतिगृह व भोजनाच्या शुल्कात असलेली सवलत काढून घेतली, हे त्याचे कारण होते. शेतमजुराच्या मुलाला शिकण्यासाठी जेवणाच्या पैशांवरून झगडावे लागते, आणि त्यानेच आठवड्याचे दोन दिवस विनामोबदला द्यावेत, अशी आपली अपेक्षा! फुकटच्या क्षेत्रकार्याची चाळण लावली की गरिबाघरची मुले गळतात आणि गरिबीची भाषा जाणणारे समाजकार्यकर्ते त्यांच्याबरोबर गळतात.

आता वृद्धाच्या बाजूने पाहा. जुलैत एक मुलगा येतो, नाव-गाव विचारतो, मुले किती ते विचारतो. हळूहळू आजोबा बोलू लागतात. मार्चमध्ये परीक्षा येते आणि मुलगा जातो. पुढच्या जुलैत दुसरी मुलगी तेच प्रश्न घेऊन त्याच खाटेशी उभी राहते. आप्तांनी एकदा सोडलेल्या माणसाला दर वर्षी पुन्हा सोडून जाणारी ही रीत आहे. संस्थेत कायम नेमलेला समाजकार्यकर्ता असेल तर तो धागा टिकतो. विद्यार्थीही त्याच्या हाताखाली शिकतो.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. क्षेत्रकार्याला प्रवासखर्च व विद्यावेतन शासनाने द्यावे. अनुदान घेणाऱ्या प्रत्येक वृद्धाश्रमात प्रशिक्षित समाजकार्यकर्त्याचे पूर्णवेळ पद असावे, आणि ते नसेल तेथे विद्यार्थी पाठवू नयेत. दर आठवड्याला मार्गदर्शकाने विद्यार्थ्याशी बोलणे बंधनकारक असावे; मृत्यू, व्याधी व स्मृतिभ्रंश यांविषयीचे प्रशिक्षण कामावर पाठविण्यापूर्वी द्यावे. विद्यार्थी निरोप घेण्यापूर्वी त्याच्या जागी येणाऱ्याची ओळख वृद्धांशी करून द्यावी.

आपल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यातील वृद्धाश्रमांत जावे आणि चालकांना दोनच प्रश्न विचारावेत: येथे समाजकार्यकर्त्याचे पद भरले आहे काय, आणि येथे येणाऱ्या विद्यार्थ्यांना काय मिळते? आलेली उत्तरे लिहून घ्यावीत व ती समाजकल्याण अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवावीत. देणगीदारांच्या नावांच्या फरशा या संस्थांच्या भिंतींवर पुष्कळ आहेत. त्या भिंतींच्या आत राबणाऱ्यांचा हिशेबही आता मांडला गेला पाहिजे.