आरमार आपलं, जहाज भाड्याचं

माझ्या वडिलांच्या भात गिरणीचा मुख्य शाफ्ट मुंबईच्या दारूखान्यातून आणलेला होता. मोडीत निघालेल्या कुठल्यातरी जहाजाचं लोखंड. गिरणी बंद पडून बारा वर्षं झाली. शाफ्ट अजून परसात पडून आहे. समुद्रापासून शंभरेक किलोमीटर आत, घाटमाथ्यावर वसलेल्या घोटीचा जहाजांशी एवढाच संबंध, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो.

तो समज 2024 च्या जानेवारीत मोडला. माझा मेहुणा निफाडकडचा, द्राक्षबागायतदार. त्याच्या मालाचे कंटेनर आमच्या घोटीवरून, कसारा घाट उतरून न्हावा-शेव्याला जातात आणि तिथून युरोपला. त्या हंगामात लाल समुद्रात हुथींनी जहाजांवर हल्ले सुरू केले होते. जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, प्रवास दोनेक आठवड्यांनी लांबला, भाडं दुपटीच्या वर गेलं. मेहुणा हिशेबाची वही घेऊन माझ्या ओट्यावर बसला आणि त्याने एकच प्रश्न विचारला: हे वाढीव भाडं जातं कुणाच्या खिशात? जहाज आपलं नाही, कंपनी आपली नाही, आणि ते जहाज जिथे बांधलं ती गोदीही आपली नाही.

कुणी म्हणेल, जहाज आपलं असतं म्हणून हुथींनी वाट सोडली असती का? नसती. आणि भाडंही कदाचित तेवढंच पडलं असतं. पण ते देशात फिरलं असतं. परदेशी जहाज कंपन्यांना आपण वर्षाला सुमारे 6 लाख कोटी रुपये देतो, हा आकडा खुद्द पंतप्रधानांनी 2025 च्या सप्टेंबरात भावनगरला सांगितला. लगेच त्या महिन्यात केंद्राने जहाजबांधणीसाठी 69,725 कोटींची योजना मंजूर केली. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेव्हा काय आलं? कान्होजी आंग्रे, विजयदुर्ग, 'भारतीय आरमाराचे जनक' आणि भगव्या शिडाचं चित्र. माझं भांडण या चित्राशी आहे.

म्हणजे इतिहासाशी नाही. कल्याण-भिवंडीला शिवाजी महाराजांनी गलबतं बांधली, हे खरंच. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली 'त्रिंकोमाली' ही 1817 ची युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूलला आजही पाण्यावर उभी आहे, हेही खरं. प्रश्न असा आहे की या आठवणीचं आपण करतो काय. दक्षिण कोरियातली एक गोष्ट सांगतात, थोडी मीठमसाला लावूनच. 1971 साली ह्युंदाईचे चुंग जू-युंग गोदीसाठी कर्ज मागायला लंडनला गेले. अनुभव शून्य, किनाऱ्यावर नुसती वाळू. त्यांनी खिशातून पाचशे वोनची नोट काढून तिच्यावरचं सोळाव्या शतकातलं कासव-जहाज दाखवलं: आम्ही हे तेव्हा बांधलं होतं. 1972 मध्ये उल्सानला काम सुरू झालं आणि 1974 मध्ये गोदी पुरी होता होताच पहिले दोन अजस्र तेलवाहू टँकरही उभे राहिले. आपणही 2022 मध्ये शिवरायांच्या राजमुद्रेचा अष्टकोन काढला आणि नौदलाच्या झेंड्यावर लावला. मला त्याचा आनंदच आहे. पण त्यांनी नोट दाखवून ऑर्डर मिळवली आणि आपण झेंडा दाखवून टाळ्या.

यावर ठरलेलं उत्तर येतं: माझगाव गोदी विनाशिका बांधते, पाणबुड्या बांधते, कोचीत विमानवाहू जहाज झालं. झालं, आणि उत्तम झालं. पण युद्धनौकेला गिऱ्हाईक एकच असतं, सरकार; आणि त्याला उशीर चालतो, वाढीव खर्चही चालतो. कांदा-द्राक्षं नेणारं, कोळसा-तेल आणणारं साधं मालवाहू जहाज विकायचं तर चीनच्या भावाशी आणि कोरियाच्या तारखेशी गाठ असते. गोदीला धंदा शिकवते ती ही गाठ.

हे पटत नसेल तर अमेरिकेकडे बघा. आणि इथे आमच्यातल्या स्वदेशीवाल्या मित्रांशीही माझं जमत नाही. ते सांगतात, अमेरिकेने 1920 च्या जोन्स कायद्याने आपल्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जाणारा माल फक्त अमेरिकेत बांधलेल्या जहाजांनीच न्यायचा असं ठरवलं; आपणही तसंच करू. त्या कायद्याला शंभर वर्षं उलटली. फळ काय? तिथे बांधलेलं मालवाहू जहाज बाहेरच्यापेक्षा चार-पाच पट महाग पडतं, म्हणून कुणी जास्त बांधत नाही, म्हणून ते आणखी महाग पडतं. जगातल्या जहाजबांधणीत अमेरिकेचा वाटा आज एक टक्काही नाही. निम्म्याहून जास्त काम एकट्या चीनकडे आहे. मोठी व्यापारी जहाजं बांधू शकणाऱ्या गोद्या तिथे बोटांवर मोजाव्यात इतक्या उरल्या आणि त्यातली फिलाडेल्फियाची 2024 च्या डिसेंबरात एका कोरियन कंपनीने 10 कोटी डॉलरना घेतली. बाकी गोद्या नौदलाच्या ऑर्डरींवर जगतात.

आणि हाच तो देश, ज्याने दुसऱ्या महायुद्धात 2,710 लिबर्टी जहाजं पाण्यात सोडली. त्यातलं एक, 'रॉबर्ट ई. पिअरी', पाच दिवसांच्या आत. (ती जाहिरातबाजीच होती, पण जहाज खरं होतं.) ते बांधणारा हेन्री कैसर हा मुळात धरणांचा ठेकेदार. धरणांच्या आमच्या इगतपुरी तालुक्यात हे वाचताना मला गंमत वाटते. आपल्याकडे तेव्हा असाच एक ठेकेदार होता: सोलापूरचे वालचंद हिराचंद, बोरघाटातले रेल्वेचे बोगदे खणलेले. त्यांच्या सिंधिया कंपनीच्या विशाखापट्टणमच्या गोदीची कोनशिला 21 जून 1941 ला राजेंद्रप्रसादांनी बसवली. त्याच सप्टेंबरात पहिलं लिबर्टी जहाज पाण्यात उतरलं. आपलं 'जलउषा' उतरायला 14 मार्च 1948 उजाडला. दोघेही ठेकेदार, दोघांनाही जहाजबांधणीची ओळख बेताची. फरक एवढाच की कैसरच्या हातात सरकारच्या शेकडो ऑर्डरी होत्या आणि वालचंदांच्या डोक्यावर परकं सरकार. पुढे 1952 मध्ये ती गोदी आपल्या सरकारने घेतली, 2010 मध्ये संरक्षण खात्याला दिली. म्हणजे तिचाही शेवट पुन्हा त्या एकाच गिऱ्हाइकाच्या दारात.

आपल्या कोकणातही प्रयत्न झाला. रत्नागिरी-दाभोळला भारती शिपयार्ड होतं. कर्जाखाली दबलं आणि 2019 मध्ये लवादाने कंपनी विकून देणी भागवायला सांगितलं. तेव्हा आम्ही मराठी माणसांनी त्यावर किती लेख लिहिले? मी तरी एकही लिहिला नाही.

म्हणून 69,725 कोटींबद्दल माझं म्हणणं सरळ आहे. पैसे द्या, पण कोनशिलेला नको, पोचलेल्या जहाजाला द्या. तारीख चुकली तर कापा, परदेशी गिऱ्हाइकाला विकलं तर वाढवा. आणि सरकारी तेल कंपन्या परदेशी टँकर भाड्याने घेतात, त्यांना पंधरा-वीस वर्षांच्या बोलीवर इथल्या गोद्यांना ऑर्डरी द्यायला लावा. नाहीतर आपणही अमेरिकेसारखे होऊ, आणि तेही मधली 2,710 जहाजं न बांधता.

मला घाई आहे, कारण माझा भाचा वेल्डर आहे. गोंद्याच्या कारखान्यात तीन वर्षं काढली, मग एका एजंटाला दीड लाख मोजून सिंगापूरला गोदीत लागला. तिथे तो जहाजाच्या तळाचे पत्रे जोडतो. फोनवर मोठ्या उत्साहाने सांगत असतो, मामा, आज अमुक मिलिमीटरचा जोड एक्स-रेत पहिल्याच झटक्यात पास झाला. आईला मात्र तो दोन वर्षांत भेटलेला नाही. मार्चमध्ये त्याचा करार संपतोय. परवा त्याने विचारलं, त्या सरकारी योजनेतली गोदी आपल्याकडे कुठे निघणार आहे का, की इथेच अजून दोन वर्षं वाढवून घेऊ? मी त्याला सांगितलं, वाढवून घे.